ढेपेवरचं साल आणि कपातला चहा

वेष्टनावर ७५४२ असा आकडा छापलेला असतो. दुकानदार पहिल्या दोन अंकांवर बोट ठेवतो आणि सांगतो, हा चहा १९७५ सालचा. समोरचा माणूस मनातल्या मनात वजाबाकी करतो, पन्नास वर्षांचा आकडा येतो आणि हात खिशाकडे जातो. चीनमधल्या जुन्या चहाच्या बाजारातली ही सगळ्यात सोपी फसवणूक आहे. ७५ हे चहा तयार झाल्याचं साल नाही. ते त्या मिश्रणाची कृती ठरली त्याचं साल. पुढचा ४ पानांची प्रत सांगतो आणि शेवटचा २ कारखान्याचा क्रमांक. कुनमिंगचा १, मंगहायचा २, श्यागुआनचा ३ आणि पुएरचा ४. मंगहायचा कारखाना आजही ७५४२ बनवतो. अलीकडच्या ढेपांवर त्यापुढे खेपेचा आकडाही असतो. ७५४२-५०१ म्हणजे २००५ सालची पहिली खेप. एवढं एक ठाऊक असलं, तरी खिशाकडे गेलेला हात थांबतो.

हे लिहितोय ते कामासाठी चीनला जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी. कँटनच्या मेळ्याला वर्षातून दोनदा ग्वांगझू गाठणारे व्यापारी, इवूहून माल आणणारे, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारी मुलं, सिंगापूर-हाँगकाँगला स्थायिक झालेली कुटुंबं. परतताना काहीतरी खास न्यावं म्हणून यातले बरेच जण चहाच्या बाजारात शिरतात. मीही असाच शिरलो होतो. पहिल्या खेपेला वीस वर्षांचा म्हणून दोन ढेपा घेतल्या, घरी फोडल्या तेव्हा आत काळपट चुरा आणि कुबट वास. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की ज्या वडीलधाऱ्यांसाठी कौतुकाने आणला, त्यांनी एक घोट घेऊन पेला हळूच बाजूला ठेवला. तेव्हापासून दर फेरीला शिकत गेलो, ते इथे मांडतो आहे.

मुरलेला चहा म्हटला की पहिलं नाव पुएरचं. युन्नान प्रांतात मोठ्या पानांच्या चहाची झाडं आहेत. ती पानं भाजून, मळून, उन्हात वाळवतात, मग वाफेवर मऊ करून दाबून ढेप करतात. आपल्या गुळाच्या ढेपेसारखी नव्हे, तर चपटी, ताटलीएवढी. एका ढेपेचं रूढ वजन ३५७ ग्रॅम. सात ढेपा बांबूच्या सालीत बांधल्या की एक तोंग, म्हणजे अडीच किलो. जुन्या पद्धतीने असे बारा तोंग म्हणजे एक पेटी, सुमारे तीस किलो. पुएर दोन प्रकारचा असतो. कच्चा, ज्याला शंग म्हणतात, तो वर्षानुवर्षं हळूहळू मुरतो. पिकवलेला, म्हणजे शौ, हा पानांच्या ढिगाला पाणी मारून, झाकून, दीड-दोन महिने आंबवून तयार करतात. ही कृती युन्नानमध्ये १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. फसवणुकीचं मूळ या दोन प्रकारांच्या रंगात आहे. कच्च्या चहाला लालसर तपकिरी व्हायला दोन-तीन दशकं लागतात आणि पिकवलेला दोन महिन्यांत तसा दिसतो. म्हणून स्वस्त पिकवलेला चहा, किंवा अर्धवट आंबवलेला कच्चा चहा, जुना म्हणून खपवला जातो. साठच्या दशकातला युन्नानचा पिकवलेला चहा असं कुणी म्हणालं, तर तिथेच नमस्कार करून निघावं.

जुना चहा कुठे होता, हा प्रश्न विकत घेणारे फार क्वचित विचारतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युन्नानमध्ये चहा पिकत होता, पण तो मुरवून ठेवायची रीत तिथे फारशी नव्हती. मुरलेला पुएर प्यायची सवय हाँगकाँगची. तिथल्या उपाहारगृहांत सकाळच्या खाण्याबरोबर तो रोजचा चहा होता आणि व्यापारी तो दमट गोदामांत ठेवून लवकर तयार करत. पुढे तैवानच्या शौकिनांनी ती गोदामं हेरली. १९९५ मध्ये तैवानमध्ये तंग शहाय यांचं पुएरवरचं पुस्तक आलं आणि जितका जुना तितका चांगला ही कल्पना सगळीकडे पसरली. कुनमिंगच्या दुकानात ‘आजोबांच्या माळ्यावर ऐंशी सालापासून पडून होता’ ही गोष्ट ऐकायला मिळते. तिच्यावर विश्वास ठेवू नये, कारण त्या काळी आजोबांना तो ठेवायचं काही कारणच नव्हतं. हाँगकाँग, तैवान, मलेशिया किंवा ग्वांगदोंग इथल्या साठ्यातून आलेला माल म्हणून सांगितलं, तर निदान पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

मग कागद पाहावा. कागद चहाचं वय सिद्ध करत नाही, कारण वेष्टन कुणालाही छापून घेता येतं. पण खोटं बोलणारा कागद स्वतःच आपला घात करतो. पत्त्यात ‘पुएर शहर’ लिहिलंय का, ते बघा. त्या शहराचं नाव २००७ पर्यंत सिमाओ होतं. चहाच्या तेजीच्या भरात ते बदलून पुएर केलं. १९९६ सालच्या म्हणवणाऱ्या ढेपेवर पुएर शहर छापलेलं असेल, तर छापणाऱ्याने ते २००७ नंतर छापलं. निळं क्यूएस चिन्ह चिनी खाद्यपदार्थांवर आलं ते या शतकात. १९९८ च्या ढेपेवर ते असूच शकत नाही. ऑक्टोबर २०१५ पासून त्याची जागा एससी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या परवाना क्रमांकाने घेतली आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून क्यूएस पूर्ण बंद झालं. मंगहायच्या कारखान्याचं दायी हे नाव १९८९ मध्ये नोंदलं गेलं, म्हणजे त्या नावाची १९८५ सालची ढेप बनावट. आणखी एक: ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सरकारी कारखान्यांच्या वेष्टनांवर उत्पादनाची तारीख छापतच नसत. मधे चहाचं अक्षर आणि भोवती आठ लाल ‘चुंग’ अक्षरं असलेल्या त्या जुन्या वेष्टनावर ठळक ‘१९८८’ दिसलं, तर ते तुम्हाला दाखवण्यासाठीच छापलंय.

इथे एक अपवाद नीट समजून घ्यावा. काही प्रामाणिक उत्पादक जुना सुटा चहा आज दाबून ढेप करतात. मग कागदावर दोन तारखा येतात, पानांच्या सालाची आणि दाबल्याची. यात गैर काही नाही. पण परवान्याच्या चौकटीत येते ती दाबल्याची तारीख. पानांचं साल हा विक्रेत्याचा शब्द असतो आणि शब्दाला किती पैसे द्यायचे, ते आपण ठरवायचं.

ढेपेत एक छोटी चिठ्ठी दाबलेली असते, तिला नेइफेइ म्हणतात. ती पानांबरोबर दाबली जाते, म्हणून तिच्या कडा पानांत गाडलेल्या असतात आणि काही पानं तिच्यावरून गेलेली दिसतात. वर्षानुवर्षं पानांतला रस शोषून ती चिठ्ठी आणि बाहेरचा कागद असमान डागाळतात. पानांच्या गाठी जिथे टेकल्या असतील तिथे जास्त, बाकी कमी. चहाचं पाणी फिरवून जुना केलेला कागद मात्र सगळीकडे सारखाच पिवळट दिसतो आणि घडीच्या आतल्या बाजूलाही तोच रंग असतो. कागदाला कसर लागलेली, भोकं पडलेली असली म्हणजे जुना, असंही समजू नये. दमट खोलीत वर्षभरातही तसं होतं.

आता नाकाचं काम. चहा घाईने जुना करण्याला तिथल्या बाजारात ‘झुओ ज्यू’, म्हणजे जुनं करणं, असंच म्हणतात. तरुण कच्ची ढेप ओल्या, उबदार खोलीत ठेवायची, पाणी फवारायचं, बुरशी आली की झटकून वाळवायची आणि काही महिन्यांत तपकिरी ढेप तयार करायची. आपल्या घरांतल्या बायका जुना तांदूळ ओंजळीत घेऊन हुंगतात, तशी ढेप हुंगावी. नीट मुरलेल्या चहाला लाकडाचा, सुक्या खारकेचा, कधी कापरासारखा वास येतो. हाँगकाँगच्या पारंपरिक साठवणीतल्या चहाला मातीचा, तळघराचा हलका वास असतो. तो खोटेपणाचा पुरावा नव्हे आणि कोरड्या हवेत ठेवल्यावर बराचसा उडून जातो. पण नाकात रुतणारा कुबटपणा, आंबूस वास, ओल्या गोणपाटाचा वास आला की ढेप खाली ठेवावी. कागद सोडून दोन्ही बाजू आणि कडा उजेडात पाहाव्यात. पांढरी कापसासारखी, हिरवट किंवा काळी बुरशी असेल, तर चहा खरोखर जुना असला तरी घेऊ नये. प्रश्न पैशांचा नाही, पोटात जाण्याचा आहे. हूनानच्या फू विटेत दिसणारे बारीक सोनेरी दाणे ही वेगळी गोष्ट. तिथे ती बुरशी मुद्दाम वाढवतात आणि ती चांगल्या मालाची खूण मानतात.

खरी परीक्षा पाण्याची आणि ती उभ्याउभ्या होत नाही. बसायला सांगतील, तेव्हा बसावं. चहाच्या बाजारात चव घेऊ न देणारं दुकान हे सोडण्याचं दुकान. झाकणाच्या पेल्यात, म्हणजे गायवानमध्ये, १०० ते १२० मिली पाण्याला सात-आठ ग्रॅम चहा आणि पाणी उकळतं. पहिलं पाणी ओतून टाकतात, ते पाहू द्या, पण पेल्यातली पानं मात्र हुंगून घ्या. गरम ओल्या पानांत लपवलेला कुबटपणा उघडा पडतो. पुढचे काढे दहा-पंधरा सेकंदांचे. वीस-तीस वर्षांच्या चांगल्या कच्च्या चहाचं पाणी लालसर तपकिरी असतं आणि कपाच्या तळाची नक्षी दिसावी इतकं नितळ. गढूळ, काळपट पाणी चौथ्या-पाचव्या काढ्यातही निवळत नसेल, तर शंका घ्या. साठवणीशी रंग ताडून पाहा. कुनमिंगची हवा कोरडी आणि थंड, तिथे चहा सावकाश मुरतो. दहा वर्षं कुनमिंगमध्ये ठेवलेला कच्चा चहा सोनेरी-नारिंगी असायला हवा. तो गडद लाल असेल, तर वय खोटं आहे, नाहीतर जागा खोटी आहे.

घशाकडे लक्ष द्या. बनावट जुन्या चहाने घसा कोरडा पडतो, आवळल्यासारखा होतो आणि पाचव्या काढ्यापर्यंत पाण्याला नुसता रंग उरतो, चव नसते. खरा जुना चहा दहा-बारा काढे सहज देतो आणि शेवटच्या काढ्यांना गोडवा असतो. म्हणून घाई करू नका. तिसऱ्या काढ्यालाच दर ठरवण्याची गडबड करणारा दुकानदार पुढचे काढे तुमच्यापासून लपवत असतो.

आणि मग मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो ती गोष्ट: उरलेली पानं. गायवान उलटा करून पानं ताटलीत पसरा आणि एकेक उलगडा. मुरलेल्या कच्च्या चहाचं पान तपकिरी असतं, पण लवचीक. बोटांत ताणलं तर तग धरतं, शिरा दिसतात, काही पानांवर हिरवटपणाची झाक राहिलेली असते. पिकवलेल्या चहाचं पान गडद, चुरगळलेलं असतं. घाईने ओलवलेल्या चहाचं पान काळं पडतं, चिखलासारखं बोटांना लागतं किंवा जळक्या काडीसारखं उलगडतच नाही. आणि एकाच ताटलीत हिरवट, लवचीक पानं आणि काळी, चुरा होणारी पानं वेगवेगळी दिसली, तर दुकानदाराने तरुण कच्चा आणि पिकवलेला चहा मिसळून जुना रंग बनवला आहे. हे पाहायला कुणाची भाषा यावी लागत नाही. पानं दाखवा आणि गप्प राहा. मी पाहिलंय, दर आपोआप बदलतो.

देवगड हापूसची पेटी घेताना आपण वरचा थर उचलून खालचा पाहतो. ढेपेचंही तेच. वर आणि खाली देखणी, कळ्यांची पानं आणि मधे भरड, काड्यांची भर, ही जुनी युक्ती आहे. ग्वांगझूच्या फांगत्सुन बाजारात किंवा कुनमिंगमध्ये ढेपेचा कडेचा तुकडा देतील. तुम्ही मधला मागा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जी ढेप घेणार तिच्यातलाच चहा प्या. टेबलावरच्या उघड्या ढेपेची चव दाखवायची आणि बंद ढेप बांधून द्यायची, यातच बहुतेक लोक फसतात. फोडून द्यायला नकार मिळाला तर एकच ढेप घ्या, रात्री मुक्कामी करून पाहा आणि पसंत पडली तर सकाळी उरलेल्या घ्या.

हापूसच्या नावाचं जे होतं, तेच लाओ बानझांगच्या नावाचं. मंगहाय तालुक्यातल्या बुलांग डोंगरावरचं हे एक छोटं गाव. त्याचा चहा युन्नानमधला सगळ्यात चढा दर मिळणाऱ्यांत गणला जातो. बाजारात त्या नावाने जितका चहा विकला जातो तितका त्या गावात पिकूच शकत नाही. गावाच्या नावाला, प्राचीन वृक्षाच्या गोष्टीला, राजदरबारी भेट गेल्याच्या कहाणीला पैसे देऊ नका. तिथले जाणकार याला गोष्ट पिणं म्हणतात. लाख मोलाचा चहा कवडीमोलात गवसणं, त्याला ते ‘ज्येन लोउ’ म्हणतात. नवखा खरेदीदार ज्येन लोउच्या आशेने दुकानात शिरलाय, हे दुकानदार चेहऱ्यावरून ओळखतो आणि तशीच ढेप काढतो. तीस वर्षांची ढेप या वर्षीच्या ढेपेच्या दरात मिळत असेल, तर ती तीस वर्षांची नाही. तीस वर्षं गोदामाचं भाडं, व्याज आणि तोवर विकण्याचा मोह आवरणं, हे सगळं कुणीतरी फुकट करून ठेवलं असेल का, एवढाच विचार करावा.

दरात एककाचा घोळही होतो. सुटा चहा जिनवर विकतात आणि जिन म्हणजे ५०० ग्रॅम, किलो नव्हे. ढेपेचा दर, तोंगचा दर आणि जिनचा दर बोलण्यात सहज मिसळतात. मोबाइलच्या गणकयंत्रावर आकडा आणि त्याचं एकक दोन्ही टाइप करून दाखवा आणि वजनकाट्यावर डबा-कागद वगळून वजन करून घ्या.

जुन्या पांढऱ्या चहाचंही आता मोठं पेव फुटलंय, विशेषतः फूज्येनच्या फूदिंगचा. पहिलं वर्ष चहा, तिसऱ्या वर्षी औषध, सातव्या वर्षी ठेवा, अशी तिथली म्हण प्रत्येक दुकानात ऐकवतात. नवा पांढरा चहा उष्ण दमट खोलीत काही आठवडे ठेवला की तपकिरी होतो. सगळी पानं सारखीच तपकिरी, मधे एकही चंदेरी कळी नाही, पाणी लाल पण चव पोकळ, तर सोडा. शिवाय पांढऱ्या चहाच्या ढेपा रूढ झाल्या त्या या शतकात आणि त्यांचं राष्ट्रीय मानक आलं २०१५ मध्ये. त्यामुळे नव्वदच्या दशकातली फूदिंगची ढेप दाखवणाऱ्याला काही विचारायचीही गरज नाही.

बीजिंगमध्ये वांगफूचिंगच्या आसपास किंवा शांघायच्या नानजिंग रस्त्यावर, इंग्रजीचा सराव करायचाय असं म्हणणारी हसतमुख मुलं तुम्हाला चहाचा समारंभ पाहायला नेतील, तर जाऊ नका. आत चार कपांचं बिल हजारो युआन लावतात आणि दार अडवतात. चहाची चव घ्यायची ती दर लिहिलेल्या दुकानात, आपल्या पायांनी जाऊन.

पैसे देताना वीचॅट किंवा अलीपेने द्या म्हणजे नोंद राहते, आणि फाप्याओ, म्हणजे सरकारी कर-पावती, मागा. तिच्यावर चहाचं नाव, साल आणि वजन लिहून द्यायला सांगा. खोटं विकणारा इथेच अडखळतो, कारण चिनी कायद्यानुसार फसवणूक ठरली तर किमतीच्या तिप्पट भरपाई द्यावी लागते आणि अन्नसुरक्षेचे निकष न पाळणारं खाद्य जाणूनबुजून विकलं तर दहापट. तक्रारीचा फोन १२३१५. चिनी बोलणारी एखादी ओळखीची व्यक्ती जवळ असेल, तर तिथेच फोन लावा. दुकानदाराला हा नंबर तुम्हाला माहीत आहे एवढं कळलं, तरी बोलण्याचा सूर बदलतो. वर्ष लिहून द्यायला तयार नसलेल्याकडून चहा घ्यायचाच असेल, तर तो आजच्या चहाच्या दराने घ्या.

पहिल्या खेपेला काय घ्यावं, असं कुणी विचारलं, तर मी जुना चहा घ्या असं सांगत नाही. कारखान्याची तारीख आणि परवाना छापलेली, पाच-सात वर्षांची मध्यम दराची एक कच्ची ढेप आणि एक पिकवलेली घ्या. त्यांच्याबद्दल खोटं बोलण्यात विक्रेत्याला फारसा फायदा नसतो. खरोखर जुन्या चहाची चव घ्यायची असेल, तर ढेप न घेता विश्वासू दुकानातून २५ ग्रॅमचा नमुना विकत घ्या. एकदा ती चव जिभेला कळली, की पुढच्या वेळी बनावट ढेप घोटभरातच ओळखू येते.

घरी आणल्यावर ढेप तिच्या कागदातच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. मसाल्याचा डबा, देवघरातली उदबत्ती आणि कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या यांच्यापासून दूर, झाकणाच्या मातीच्या भांड्यात. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दर आठवड्याला झाकण काढून हुंगायचं आणि ओल जाणवली तर ढेप कोरड्या खोलीत हलवायची. ढेपेवर पेन्सिलीने खरेदीचा दिवस लिहा. ते एकच साल असं आहे, की ज्याबद्दल तुम्हाला खात्री देता येईल.